इतकी खेळणी असून तिला डब्याचं झाकणच का हवं?

प्रश्न: माझी मुलगी दहा महिन्यांची आणि मुलगा अडीच वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसभर मुलं सासूबाईंकडे असतात. मुलीसाठी 'सहा ते बारा महिने, बुद्धीच्या विकासासाठी' असं लिहिलेला खेळण्यांचा संच हौसेने आणला. बटण दाबलं की गाणं वाजतं, प्राण्यांचे आवाज येतात, दिवे लागतात. दोन दिवस तिने पाहिलं, आता ढुंकून बघत नाही. तिला स्वयंपाकघरातल्या डब्याचं झाकण हवं असतं. नाहीतर हाताला लागेल ते तोंडात घालते किंवा खाली टाकते. उचलून दिलं की पुन्हा टाकते. मुलाची वेगळीच तऱ्हा. खोलीचा एक कोपरा त्याच्या खेळण्यांनी भरलाय, पण एकाही खेळण्याशी दोन मिनिटं धड बसत नाही. जाऊबाईंचा मुलगा त्याच्याच वयाचा, तो बोलणाऱ्या टॅबलेटवरून अख्खी एबीसीडी शिकला. आयांच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय, कोणत्या महिन्यात कोणतं खेळणं दिलं नाही तर मेंदूची कोणती खिडकी बंद होते याचा. तो वाचल्यापासून झोप उडालीय. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होती एवढी खेळणी? तरी तुझा नवरा शिकून मोठा झालाच की." मी कोणाचं ऐकू? मुलीचा पहिला वाढदिवस जवळ आलाय, नातेवाईक काय आणू म्हणून विचारतायत.
एक गोंधळलेली आई

उत्तर: आधी तो तक्ता फोनमधून उडवा, मग पुढचं वाचा. महिन्याच्या हिशोबाने बंद होणाऱ्या खिडक्या फक्त जाहिरातींत असतात. मुलं बसायला, रांगायला, बोलायला लागतात ती कित्येक आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या फरकाने, आणि एखादं ठरावीक खेळणं हाती आलं नाही म्हणून कुणाचा मेंदू अडून राहत नाही. तुमच्या तक्रारी वाचून मला तर बरंच वाटलं. दहा महिन्यांची मुलगी वस्तू तोंडात घालते, खाली टाकते, झाकण वाजवते, म्हणजे तिचं काम ती नेमाने करते आहे.

टाकण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वैताग त्याचाच येतो. पुढच्या वेळी ती खुर्चीत बसून चमचा टाकेल तेव्हा चमच्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा. चमचा सोडायच्या आधी ती क्षणभर थांबते. बोटं जरा अडखळतच उघडतात, कारण या वयात वस्तू पकडणं जमलेलं असतं, पण हवी तेव्हा मुद्दाम सोडणं नुकतंच जमू लागलेलं असतं. चमचा पडला की ती कडेवरून वाकून तो कुठे गेला ते शोधते. मग तुमच्याकडे बघते. तुम्ही उचलून दिलात की पुन्हा तेच, पण कदाचित हात थोडा उंच किंवा दुसऱ्या बाजूला. एका चमच्यात तिने किती प्रश्न विचारून घेतले बघा: आवाज दर वेळी येतो का, वस्तू दर वेळी खालीच जाते का, दिसेनाशी झाली तरी ती असते का, आणि आई दर वेळी उचलून देते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असलं तरी चालेल. कंबर मोडेपर्यंत उचलत बसा असं कोणी म्हणत नाही. तिला जमिनीवर बसवा, पुढ्यात एक रिकामी टोपली आणि पाच-सहा वस्तू द्या. टाकण्याची हौस तिथे भागते.

'दिसेनाशी झाली तरी असते का' हा त्यातला मोठा प्रश्न. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांना तासन्‌तास न्याहाळून त्याची नीट मांडणी केली. पाच-सहा महिन्यांच्या बाळासमोर आवडत्या खेळण्यावर रुमाल टाकला तर ते बहुधा हात मागे घेतं, खेळणं जणू संपलंच. आठ-नऊ महिन्यांचं बाळ रुमाल ओढून खेळणं बाहेर काढतं. त्यापुढची पायरी तर फारच मजेशीर आहे. चेंडू दोन-तीनदा एका रुमालाखाली लपवा, तिला शोधू द्या. मग तिच्या डोळ्यांदेखत तो शेजारच्या दुसऱ्या रुमालाखाली ठेवा आणि दोन-चार क्षण थांबून तिला शोधू द्या. या वयाची बरीच मुलं बिनदिक्कत पहिल्याच रुमालाखाली शोधतात! तुमची लेक आत्ता नेमकी त्या टप्प्यावर असणार. काही महिन्यांत ही चूक आपोआप थांबते. नंतरच्या संशोधकांनी, विशेषतः रने बायार्जों यांनी १९८० च्या दशकात, दाखवलं की चार-पाच महिन्यांची मुलंसुद्धा लपलेल्या वस्तूच्या बाबतीत काही अशक्य घडताना दाखवलं तर जास्त वेळ टक लावून बघतात. म्हणजे समज थोडी आधीच येत असावी, हात मागून येतो. यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत, ते त्यांना घालू द्या. आपल्याला त्यातून मिळतात दोन रुमाल, एक चेंडू आणि कापडाआड तोंड लपवून 'भॉक' करण्याचा खेळ. तुमच्या अख्ख्या संचापेक्षा या तीन गोष्टींत जास्त ऐवज आहे.

टाकण्या-आपटण्यामागे खरोखर विचार असतो का, असं कोणी खवचटपणे विचारलं तर त्यांना एक प्रयोग सांगा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी अकरा महिन्यांच्या मुलांवर तो केला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. काही मुलांना असं भासवलं की खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेली. काहींना दाखवलं की ती आधाराशिवाय हवेत राहिली. मग तीच गाडी मुलांच्या हातात दिली. भिंतीतून गेलेली पाहणाऱ्यांचा कल गाडी आपटून बघण्याकडे होता, हवेत राहिलेली पाहणाऱ्यांचा ती खाली टाकून बघण्याकडे. ज्या गोष्टीचं आश्चर्य वाटलं तीच गोष्ट त्यांनी तपासली. बोलता येत नाही, धड उभं राहता येत नाही, पण शंका घेता येते आणि ती तपासताही येते.

तोंडात घालण्याचंही तसंच. ओठ आणि जीभ या वयात बोटांपेक्षा तरबेज असतात. वस्तू गार आहे की कोमट, खरखरीत की गुळगुळीत, दाबली तर दबते का, हे सगळं तिला तोंडाने कळतं. पाच-सहा महिन्यांचं बाळ अख्ख्या पंजाने वस्तू धरतं. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते, आणि मग जमिनीवरचा बारीकसा कणही तिच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा तोंडात घालू नको म्हणून दिवसभर ओरडण्यापेक्षा तोंडात गेलं तरी चालेल अशाच वस्तू तिच्या टप्प्यात ठेवणं शहाणपणाचं. एखादी वस्तू तिने आधी चाटली, मग फिरवून पाहिली, मग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग जमिनीवर आपटली, असा क्रम दिसला तर मध्ये बोलू नका. काम चालू आहे.

आता ते झाकण. तुमचा संच आणि झाकण शेजारी ठेवून बघा. संचातलं बटण हळू दाबा, जोरात दाबा, कोपराने दाबा, वाजणार तेच गाणं, तेवढ्याच आवाजात, तेवढाच वेळ. बटण दाबलं की काहीतरी होतं, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. दुसऱ्या दिवशी तिने खात्री करून घेतली. तिसऱ्या दिवशी त्यात शोधायला काही उरलंच नाही. झाकण मात्र जमिनीवर आपटलं तर एक आवाज, सतरंजीवर दुसरा. कडेवर उभं केलं तर गडगडत जातं, मग भोवऱ्यासारखं फिरत फिरत आडवं पडतं आणि आवाज शेवटी भरभर होत जातो. डब्यावर ठेवलं तर आतलं दिसेनासं होतं, काढलं तर पुन्हा दिसतं. तोंडासमोर धरलं तर आई गायब. ती जितकं बदलून करेल तितकं झाकण बदलून उत्तर देतं. तिने बटण सोडून झाकण धरलं यात तिची अक्कल दिसते.

'मी केलं म्हणून हे झालं' याची गोडी मुलांना किती लवकर लागते हे कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी दाखवलं होतं. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला रिबीन बांधायची आणि तिचं दुसरं टोक दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या पायाला. पाय हलवला की खेळणं हलतं हे लक्षात आलं की बाळ जोरजोरात लाथा मारायला लागतं. तीन महिन्यांची मुलं ही गोष्ट जवळपास आठवडाभर लक्षात ठेवतात. (हे प्रयोगशाळेत, माणसं शेजारी उभी असताना. घरी पाळण्यात कुठलीही दोरी, रिबीन बांधू नका.)

दिवे लागणाऱ्या खेळण्यांबद्दल माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. ती बोलतात, म्हणून आपण गप्प बसतो. २०१६ मध्ये एका बालरोगविषयक नियतकालिकात ॲना सोसा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १० ते १६ महिन्यांची २६ मुलं आणि त्यांचे पालक घरीच खेळत असताना त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. बॅटरीवर बोलणारी-गाणारी खेळणी असताना पालक मिनिटाला सरासरी ४० शब्दांच्या आसपास बोलले. ठोकळे, लाकडी पझल अशी साधी खेळणी असताना सुमारे ५६, आणि पुस्तकं असताना सुमारे ६७. मूल आवाज काढतं, आपण उत्तर देतो, ते पुन्हा आवाज काढतं, ही देवाणघेवाणही बोलक्या खेळण्यांबरोबर कमी झाली. अभ्यास लहान आहे, पण तो जे सांगतो ते कुठल्याही घरात अर्धा तास बसून दिसण्यासारखं आहे. आकार ओळखून भोकात टाकायच्या डब्यावरही असाच अभ्यास झालाय. साधा डबा असला की पालक 'वर', 'आत', 'कोपरा', 'फिरव' असे जागेचे आणि आकाराचे शब्द जास्त वापरतात. डबा स्वतःच बोलायला लागला की ते शब्द कमी होतात. आणि मुलाला भाषा शिकवतं ते समोरच्या माणसाचं बोलणं, जे त्याच्या नजरेबरोबर आणि त्याच्या आवाजाला उत्तर म्हणून येतं. प्लॅस्टिकच्या गाईला तुमच्या मुलीची नजर कुठे आहे ते कळत नाही.

म्हणून दिवसभर धावतं समालोचन करा असंही नाही. संध्याकाळी थकून आल्यावर ते कुणाला जमतं? फक्त तिची नजर ज्या वस्तूवर आहे त्याच वस्तूचं नाव त्याच वेळी घ्या. ती झाकणाकडे बघत असताना "हा बघ चेंडू" म्हणून तिचं लक्ष ओढून नेण्यापेक्षा "झाकण! पडलं झाकण" एवढं पुरतं. लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी मुलांच्या कपाळावर छोटे कॅमेरे लावून पाहिलं, तर वर्षाच्या आसपासचं मूल ज्या वस्तूकडे बघतंय तिच्याकडेच पालकही बघत राहिले की मुलाचं लक्ष त्या वस्तूवर जास्त वेळ टिकलं. लक्ष टिकवायचं खेळणं विकत आणावं लागत नाही, तिथे बसलेलं माणूस लागतं. तुमच्याकडे ते माणूस दिवसभर घरात आहे, सासूबाई. खेळण्यांशिवाय मुलगा वाढवल्याचं त्या सांगतात तेव्हा मधल्या वेळात त्या त्याच्याशी किती बोलल्या असतील, किती वेळा त्याला कडेवर घेऊन खिडकीतलं काही दाखवलं असेल, ते त्या सांगायला विसरतात, इतकंच. त्यांचं बरोबर आहे, फक्त अर्धवट सांगितलेलं आहे.

जाऊबाईंच्या मुलाचं थोडक्यात. अडीच वर्षांचं मूल ऐकलेली ओळ चालीसकट म्हणून दाखवतं, तशीच एबीसीडी म्हणतं. कौतुक करा, पण त्याला अक्षरं 'येतात' असं त्यावरून ठरत नाही. पडद्यावरून दोन वर्षांखालच्या मुलांना काही शिकवणं जवळजवळ वाया जातं, याचे चांगले दाखले आहेत. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत-बोलत होतं त्या गटाला त्या भाषेतले बारीक आवाज ओळखू यायला लागले. तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं त्या गटाला काहीही नाही. जुडी डिलोच यांच्या २०१० च्या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना चार आठवडे शब्द शिकवणारा व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ न पाहणाऱ्या मुलांपेक्षा ती मुलं जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती मुलं ज्यांना आईवडिलांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या व्यवहारात ते शब्द सांगितले. आणि ज्या पालकांना व्हिडिओ आवडला होता त्यांना आपलं मूल बरंच शिकलं असं वाटत होतं! हा शेवटचा भाग जाऊबाईंना सांगू नका, उगाच बिनसेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त नको, असं सांगितलंय. व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलणं वेगळं, तिथे पलीकडचं माणूस उत्तर देतं.

गर्भात किंवा पाळण्यात शास्त्रीय संगीत ऐकवलं की बुद्धी वाढते, हाही संदेश त्या ग्रुपवर येऊन गेला असेलच. हा समज ज्यावरून पसरला तो १९९३ चा मूळ प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. बाळाचा त्यात संबंधच नव्हता.

आता मुलाकडे वळू. अडीच वर्षांच्या मुलाने एकट्याने एका खेळण्याशी काही मिनिटंच बसणं हे वयाला धरून आहे, पण कोपरा भरलेला असणं हेही एक कारण असू शकतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी देऊन आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळायला सोडलं. चारच खेळणी असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ खेळली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हेने खेळली. सोळा असताना एकावरून दुसऱ्यावर जात राहिली. तुम्ही जे 'लक्ष लागत नाही' म्हणता ते मोठ्या प्रमाणात हेच असावं. एका रात्री तो झोपल्यावर (त्याच्यासमोर केलंत तर प्रत्येक मोडकी गाडी त्याची जीव की प्राण निघेल) सगळ्या खेळण्यांचे तीन-चार भाग करा. एक बाहेर ठेवा, बाकीचे त्याच्या नजरेआड, उंच कपाटात. पंधरा दिवसांनी बदला. महिन्याभरापूर्वीची गाडी परत आली की ती नवी असते, आणि तोवर त्याचं वयही महिन्याने वाढलेलं असतं, त्यामुळे तो तिच्याशी खेळतोही वेगळं. दोन-तीनदा बाहेर येऊनही ज्याच्याकडे तो वळत नाही ते कुणाला तरी देऊन टाका.

या वयाचं खरं भांडवल म्हणजे लटकं लटकं खेळणं. खोका बस होतो, चमचा फोन होतो, बाहुलीला ताप येतो. हे वर्ष-दीड वर्षाच्या आसपास सुरू होतं आणि अडीच-तीनला बहरतं. समोर एक वस्तू आहे आणि मनात ती दुसरीच आहे, हे एका वेळी डोक्यात ठेवणं सोपं नाही. पुढे शब्द, चित्र, आकडे, अक्षरं सगळी याच ताकदीवर चालतात, कारण तीही दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी असतात. त्याचीच एक गमतीदार बाजू तुम्ही पाहिली असेल. दीड ते अडीच वर्षांची मुलं कधी कधी बोटभर खेळण्यातल्या गाडीत अगदी गंभीरपणे पाय घालून बसायला बघतात, किंवा बाहुलीच्या इवल्याशा खुर्चीवर बूड टेकवतात. डिलोच यांनीच २००४ मध्ये याचा अभ्यास केला. मुलाला गाडी ओळखता येते, गाडीचं काय करायचं तेही कळतं, आकाराचा हिशोब मात्र त्या क्षणी निसटतो. हसू आलं तरी मोठ्याने हसू नका, ती मुलं मनापासून प्रयत्न करत असतात.

दुसरं भांडवल ठोकळे. रचताना तोल कळतो, मोठ्यावर लहान टिकतं आणि लहानावर मोठं डगमगतं हे कळतं, आणि पाडल्यावर पुन्हा करता येतं हे कळतं. २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या घरी ठोकळे पाठवले. सहा महिन्यांनी त्या मुलांची भाषा, ठोकळे न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे होती. त्या अभ्यासाला ठोकळे बनवणाऱ्या कंपनीनेच पैसे दिले होते, तेव्हा मी तो जरा जपूनच सांगते. पण ठोकळ्यांभोवती मुलं आणि मोठी माणसं बोलतात एवढं नक्की. तो मनोरा वाकडा रचत असेल तर सरळ करून देऊ नका. पडू द्या. तो तुमच्याकडे बघेल तेव्हा "पडला. आता?" एवढंच विचारा. आणि "हा रंग कोणता, तो आकार कोणता" अशी तोंडी परीक्षा घेऊ नका, खेळाचा विरस होतो.

खेळणं कसं खेळायचं ते दाखवण्याचीही घाई नको. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शाळेआधीच्या वयाच्या मुलांना बऱ्याच करामती असलेलं एक खेळणं दिलं. ज्यांना त्यातली एक करामत शिक्षकाच्या थाटात दाखवली त्यांनी तीच पुन्हा पुन्हा केली, बाकीच्या फारशा शोधल्याच नाहीत. ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं त्यांनी जास्त शोधल्या. ती मुलं तुमच्या मुलापेक्षा मोठी होती, पण सवय आत्तापासून लावायला हरकत नाही, मुलाला नव्हे, आपल्याला.

डब्यावर छापलेलं वय मात्र एका बाबतीत डोळ्यांत तेल घालून वाचा. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' याचा अर्थ तुमचं मूल हुशार असेल तर चालेल असा नसतो. त्यात घशात अडकणारे भाग आहेत, असा असतो. तपासणीसाठी वापरतात त्या नळकांड्याचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर असतो, त्यात जे मावतं ते धोक्याचं धरतात. घरात दोन मुलं असली की मोठ्याची खेळणी हाच लहानीचा सगळ्यात मोठा धोका. त्याचे बारीक तुकडे टेबलावर, तिचा खेळ जमिनीवर. नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटे ताकदवान लोहचुंबक यांना तर घरात वेगळीच भीती हवी. चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजतं. दोन चुंबक गिळले गेले तर आतडं मध्ये चिमटीत धरून एकमेकांना चिकटतात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय. ज्या खेळण्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते आजच बाहेर काढा. बसवून फिरवायचा वॉकरही आणू नका. त्याने मूल लवकर चालत नाही, पायऱ्यांवरून कोसळतं मात्र, आणि त्यासाठीच कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. उभं राहून मागून ढकलायचा जड, स्थिर पांगुळगाडा वेगळा. तो तिच्या पायांकडून काम करून घेतो.

काळजीचं काय असतं तेही सांगून ठेवते, कारण काळजी करायचीच तर योग्य ठिकाणी करावी. वर्षाची होईपर्यंत बडबडीचे आवाज नाहीत, बोट दाखवणं, टाटा करणं असे काहीच हावभाव नाहीत, हाक मारल्यावर वळून बघत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेलं काही यायचं थांबलं, तर कुठलंही खेळणं न आणता बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणीही करून घ्या. तुमच्या पत्रात असं काही नाही. तरी तुमच्या मुलाचं बोलणं तुम्ही एका ओळीनेही लिहिलं नाहीत, तेवढं एकदा स्वतःशी पडताळून पाहा.

वेळाचं म्हणाल तर संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, जमिनीवर बसून, दोघांपैकी ज्याच्याशी खेळाल त्याच्या म्हणण्याप्रमाणे. बाकीचं अंघोळीच्या टबात, कपड्यांच्या घड्या घालताना होतं. मोज्यांच्या जोड्या लावणं हे अडीच वर्षांच्या मुलासाठी चांगलं पझल आहे आणि तुमचंही एक काम उरकतं.

राहता राहिला वाढदिवस. विचारणाऱ्यांना बिनधास्त सांगा, नाहीतर अजून चार गाणारे हत्ती येतील. वेगवेगळ्या पोताचे दोन-तीन चेंडू, एकात एक बसणारे पेले, दांडीवर चढवायच्या रिंगा, जाड पुठ्ठ्याची चार पुस्तकं, धुता येईल अशी एक साधी बाहुली, आणि लाकडी ठोकळ्यांचा मोठा संच, ज्यातला प्रत्येक ठोकळा तिच्या मुठीपेक्षा मोठा असेल. ठोकळ्यांसाठी दोघातिघांनी मिळून द्या म्हटलं तरी चालेल, कारण ते दोन्ही मुलांना कितीतरी वर्षं पुरतील. सुरुवातीला तो रचेल आणि ती येऊन पाडेल. त्याला राग आला तर एक मनोरा त्याचा, कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि एक मुद्दाम तिने पाडायचा, असं त्यालाच ठरवू द्या.